पहिलं नाव कुणाचं?

[दृश्य : मॉन्ट्रियल शहर. बेल सेंटरच्या दारात लाल जर्सी घातलेली गर्दी.]

7 जुलै 2022. बेल सेंटरमध्ये आज सामना नाही, तरी आत जायला रांग लागली आहे. एरवी जिथे बर्फ असतो तिथे टेबलं मांडली आहेत, एकेका संघाचं एकेक. टेबलांवर फोन आहेत, याद्या आहेत, पाण्याच्या बाटल्या आहेत. वर प्रेक्षकांत नव्या कोऱ्या सुटातली अठरा वर्षांची मुलं आईवडिलांच्या मध्ये बसली आहेत. आणि मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या इथल्या हॉकी संघाच्या टेबलावर जी माणसं बसली आहेत, त्यांनी पहिलं नाव कुणाचं घ्यायचं यावर हे शहर आठ आठवडे भांडतं आहे.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की धनराज पिल्ले आठवतात. ही हॉकी बर्फावरची. चेंडूच्या जागी पक, म्हणजे कडक रबराची चकती. खेळाडू निवडायची रीतही निराळी. आयपीएलच्या लिलावात बोली लागते. अमेरिका-कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगच्या ड्राफ्टमध्ये बोली नाही, नंबर आहे. संघ आपापल्या पाळीला एकेक नाव पुकारतात आणि त्या मुलाचे हक्क त्या संघाकडे जातात. मागच्या हंगामात जो तळाला, त्याला आधी निवडायची संधी. पण कुणी मुद्दाम हरू नये म्हणून वरच्या क्रमांकांसाठी सोडत काढतात. त्यामुळे अगदी शेवटच्या संघालाही पहिला नंबर मिळण्याची शक्यता साधारण चारात एक.

2021 च्या उन्हाळ्यात मॉन्ट्रियलचा संघ स्टॅनले कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत खेळला होता. पुढच्याच हंगामात तो लीगच्या तळाला गेला. मधल्या काळात व्यवस्थापन बदललं. संघाचे हॉकी प्रमुख म्हणून जेफ गॉर्टन आले, आधी खेळाडूंचे एजंट असलेले केंट ह्यूज जनरल मॅनेजर झाले, मार्टिन सँ-लुई प्रशिक्षक झाले. आणि 10 मे 2022 च्या सोडतीत पहिला नंबर मॉन्ट्रियललाच लागला. यजमान शहर, पहिला नंबर आणि समोर दोन मुलं.

[दृश्य : किंग्स्टन, ऑन्टारिओ. ज्युनियर सामन्यांची क्षणचित्रं.]

पहिला शेन राइट. ऑन्टारिओतल्या बर्लिंग्टनचा. तिथल्या ज्युनियर लीगमध्ये सोळाव्या वर्षी प्रवेश मिळतो. राइटला पंधराव्या वर्षी मिळाला. ही खास परवानगी त्याच्याआधी जॉन टव्हारेस आणि कॉनर मॅकडेव्हिड यांना मिळाली होती. तेव्हापासून 2022 चा पहिला खेळाडू राइट, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. किंग्स्टनकडून पहिल्या हंगामात त्याने 58 सामन्यांत 39 गोल केले.

मग कोविड आला आणि त्याच्या लीगचा 2020-21 चा पूर्ण हंगाम रद्द झाला. सोळा ते सतरा हे या खेळात अंग भरायचं, वेग वाढायचं वय, आणि नेमक्या त्याच वर्षात त्याला खेळायला मैदान नाही. वसंतात टेक्सासमध्ये अठरा वर्षांखालचं जागतिक अजिंक्यपद झालं. तिथे तो कॅनडाचा कर्णधार होता आणि पाच सामन्यांत नऊ गोल करून सुवर्ण घेऊन आला. तरीही निवडीच्या वर्षात, 63 सामन्यांत 94 गुण करूनही, लोक म्हणायला लागले की पोरगा पुढे सरकलेला दिसत नाही. (गोल केला की एक गुण, गोलला पास दिला तरी एक गुण, असा हा हिशेब असतो.)

हे बोलणं मला तेव्हाही कठोर वाटलं, आजही वाटतं. पंधराव्या वर्षी ज्याच्याकडे सगळ्यांची नजर गेली, त्याचं कौतुक संपून दोष शोधणं कधी सुरू होतं ते त्या मुलालाही कळत नाही. राइट सेंटर, म्हणजे मधला आक्रमक, खेळतो. सेंटरने दोन्ही टोकांना धावायचं, बचावात खाली यायचं, प्रत्येक फेसऑफला, म्हणजे खेळ सुरू करताना, वाकून पक जिंकायचा. ही कामं तो चोख करायचा, आणि चोख कामाच्या चित्रफिती कुणी पुन्हा पुन्हा लावून बघत नाही.

[दृश्य : बीजिंग, फेब्रुवारी 2022. स्लोव्हाकियाचा संघ.]

दुसरा युराय स्लाफकोव्स्की. स्लोव्हाकियातल्या कोशित्सेचा. उंची 193 सेंटिमीटर, खांदे बैलासारखे. लहानपणीच घर सोडून फिनलंडला गेला आणि तुर्कूच्या टीपीएस संघात वाढला. फेब्रुवारी 2022 पर्यंत त्याच्याबद्दल बोलणारे मुख्यतः स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारेच होते. मग बीजिंग ऑलिम्पिक झालं. सतरा वर्षांच्या या मुलाने सात सामन्यांत सात गोल केले. कांस्यपदकाच्या सामन्यात स्लोव्हाकियाने स्वीडनला 4-0 हरवलं, त्यात दोन गोल त्याचे. बर्फावरच्या हॉकीत त्या देशाचं हे पहिलंच ऑलिम्पिक पदक, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला तो.

त्याचा खेळ बघताना एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. कडेच्या फळीला अंग लावून तो पक पायांशी धरतो, मागून मोठा बचावपटू ढकलत असतो, आणि हा एका हाताने त्याला लांब ठेवून दुसऱ्या हातातल्या काठीने पक पुढे काढतो. समोरचा माणूस तिशीतला, व्यावसायिक. हा सतरा वर्षांचा.

आता खरा पेच. याच मुलाने याच हंगामात फिनलंडच्या लीगमध्ये काय केलं? 31 सामने, 5 गोल, 5 पास, एकूण 10 गुण. राइटचे 94 आणि याचे 10.

पण हे आकडे शेजारी ठेवून वाचता येत नाहीत. राइट त्याच्याच वयाच्या मुलांविरुद्ध खेळत होता आणि त्याच्या संघात तोच प्रमुख होता. स्लाफकोव्स्की बाप्यांच्या लीगमध्ये होता. तिथे प्रशिक्षकाला आजचा सामना जिंकायचा असतो, आणि सतरा वर्षांच्या पोराच्या वाट्याला खेळायला थोडीच मिनिटं येतात. उलट बाजूही तितकीच खरी. ऑलिम्पिकला त्या वर्षी नॅशनल हॉकी लीगचे खेळाडू गेलेच नव्हते. सात सामने म्हणजे दोन आठवडे. दोन आठवडे कुणाचाही पक जाळ्यात जाऊ शकतो. मे महिन्यात जागतिक अजिंक्यपदात, जिथे लीगचे बरेच खेळाडू होते, तिथे त्याने आठ सामन्यांत नऊ गुण केले, तेव्हा त्याच्या बाजूच्यांना जोर आला.

तर प्रश्न असा होता : पंधराव्या वर्षापासून दिसलेल्या खात्रीवर पैसे लावायचे, की गेल्या पाच महिन्यांत दिसलेल्या वाढीवर?

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. मॉन्ट्रियल फोरम.]

हा प्रश्न मॉन्ट्रियलला नवा नव्हता. म्हणूनच तिथला वाद दुसरीकडच्या वादापेक्षा जास्त हळवा होता.

1971 मध्ये पहिला नंबर मॉन्ट्रियलकडे होता. जनरल मॅनेजर सॅम पोलॉक यांनी तो कॅलिफोर्नियाच्या दुबळ्या संघाकडून आधीच सौद्यात मिळवून ठेवला होता. समोर दोन नावं होती, गी लाफ्लेर आणि मार्सेल डिऑन. दोघेही क्युबेकचेच, म्हणजे मॉन्ट्रियलच्याच प्रांतातले. पोलॉक यांनी लाफ्लेर घेतला. डेट्रॉइटला गेलेल्या डिऑनने पहिल्याच हंगामात 77 गुण केले, लाफ्लेरने 64. लाफ्लेरचे पहिले तीन हंगाम 29, 28 आणि 21 गोलांचे. फसलो की काय, अशी कुजबुज तेव्हा होतीच. चौथ्या हंगामात त्याने 53 गोल केले, आणि तो धरून सलग सहा हंगाम पन्नास किंवा त्याहून जास्त गोल केले. पाच स्टॅनले कप जिंकले. डिऑनने ढिगाने गुण केले, पण कप एकदाही नाही.

1980 चा ड्राफ्ट मॉन्ट्रियलच्याच फोरममध्ये, म्हणजे संघाच्या जुन्या स्टेडियममध्ये झाला, आणि पहिला नंबर पुन्हा यजमानांचा. शहराला डेनी साव्हार हवा होता. मॉन्ट्रियलच्याच ज्युनियर संघातला, वेगवान, फ्रेंच बोलणारा, घरचा मुलगा. संघाने निवडला रिजायनाचा डग विकनहायझर, धिप्पाड सेंटर, ज्याने ज्युनियरमध्ये एका हंगामात 89 गोल केले होते. साव्हार तिसऱ्या नंबरवर शिकागोला गेला आणि कारकिर्दीत 1338 गुण करून बसला. विकनहायझरचे झाले 276. साडेतीन वर्षांत मॉन्ट्रियलने त्याला सेंट लुईसला देऊन टाकलं. 1999 मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, तो कर्करोगाने गेला. त्याने स्वतःहून काहीच बिघडवलं नव्हतं. दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेतलं गेलं नाही, याचा भार त्याच्या पाठीवर पडला.

तिसरी आठवण तर अगदी ताजी. 2018, तिसरा नंबर. संघाला सेंटर नव्हता, म्हणून फिनलंडचा येस्पेरी कोटकानिएमी हा सेंटर घेतला. चौथ्या नंबरवर ओटावाने विंगर, म्हणजे कडेचा आक्रमक, ब्रेडी कचक घेतला. पुढे कचक ओटावाचा कर्णधार झाला आणि कोटकानिएमी 2021 मध्ये कॅरोलायनाला निघून गेला.

माझ्या मते 2022 च्या वादातलं सगळ्यात वजनदार उदाहरण हेच. राइटच्या बाजूचे पुन्हा तेच सांगत होते की आपल्याला सेंटर हवा, राइट सेंटर आहे. आजच्या संघात कुठली खुर्ची रिकामी आहे ते बघून अठरा वर्षांचा मुलगा निवडायचा नसतो. तो जेव्हा खऱ्या अर्थाने तयार होईल, तेव्हा त्या खुर्च्यांवर वेगळीच माणसं असतील.

[दृश्य : बेल सेंटर, व्यासपीठ.]

ह्यूज यांनी नाव घेतलं : युराय स्लाफकोव्स्की. स्लोव्हाकियाचा पहिलाच मुलगा पहिल्या नंबरवर. दुसऱ्या नंबरवर न्यू जर्सीने शिमोन नेमेट्स घेतला; तोही स्लोव्हाकियाचाच. तिसऱ्या नंबरवर ॲरिझोनाने लोगन कूली घेतला. राइट अजून खुर्चीतच. चौथ्या नंबरवर सिॲटलने त्याला पुकारलं. व्यासपीठाकडे जाताना त्याने मॉन्ट्रियलच्या टेबलाकडे पाहिलं, आणि ती काही क्षणांची चित्रफीत जगभर फिरली. मुद्दाम पाहिलं नाही, असं तो म्हणाला. सेंटरची जागा मॉन्ट्रियलने त्याच संध्याकाळी दुसऱ्या वाटेने भरली. सौदे करून शिकागोचा एकवीस वर्षांचा कर्बी डाख आणला.

पुढचं सगळं मॉन्ट्रियलच्या मनासारखं झालं नाही. स्लाफकोव्स्कीला थेट मुख्य संघात खेळवलं. 39 सामन्यांत 4 गोल, आणि जानेवारीत गुडघा दुखावून हंगाम संपला. माझा आक्षेप निवडीवर नाही, या घाईवर आहे. युरोपातून आलेल्या मुलाला लावालच्या दुय्यम संघात ठेवायची मुभा मॉन्ट्रियलला होती. सिॲटलला राइटच्या बाबतीत ती तशी नव्हती, कारण कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून आलेल्या मुलाला त्या वयात एकतर वर खेळवायचं नाहीतर परत ज्युनियरला पाठवायचं, असा नियम होता. राइट बराच काळ बाकावर बसला, 6 डिसेंबर 2022 ला पहिला गोल केला तोही मॉन्ट्रियलविरुद्धच, मग कॅनडाला जागतिक ज्युनियर सुवर्ण मिळवून देणाऱ्या संघाचा कर्णधार झाला आणि त्यानंतर ज्युनियरला परतला.

दुसऱ्या हंगामात सँ-लुई यांनी स्लाफकोव्स्कीला निक सुझुकी आणि कोल कॉफील्ड यांच्या जोडीला पहिल्या फळीत खेळवलं आणि तिथून हलवलं नाही. गोल होत नव्हते तेव्हाही नाही. हंगाम संपला तेव्हा त्याचे 20 गोल आणि 50 गुण होते. 1 जुलै 2024 ला आठ वर्षांचा, 6 कोटी 8 लाख डॉलरचा करार झाला.

2024-25 च्या हंगामात स्लाफकोव्स्कीचे 51 गुण, राइटचे 44. आणि कूलीचे 65. दोन नावांच्या भांडणात हे तिसरं नाव आठ आठवडे कडेला उभं होतं. पिट्सबर्गजवळचा हा मुलगा ड्राफ्टनंतर घाई न करता मिनेसोटा विद्यापीठात एक वर्ष खेळला, 39 सामन्यांत 60 गुण केले आणि मगच वर आला.

[दृश्य : 8 जुलै 2022. ड्राफ्टचा दुसरा दिवस, अर्धी रिकामी बेल सेंटर.]

कूलीच्याच अमेरिकी युवा संघात एक बुटका बचावपटू होता, लेन हटसन. पकवर त्याची हुकूमत सगळ्यांना दिसत होती, पण उंची आड येत होती. आपली उंची अजून वाढेल असं डॉक्टरांचं पत्र त्याने संघांना दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी, 61 नावं होऊन गेल्यावर, मॉन्ट्रियलने त्याला घेतला. 2025 मध्ये लीगमधला सर्वोत्तम नवोदित म्हणून काल्डर करंडक त्याला मिळाला. 66 गुण, त्यातले 60 पास. पहिल्या नावावर खर्च झाला त्याच्या दहाव्या हिश्शाने जरी वेळ अशा नावांवर दिला गेला असता, तर तो साठाव्या नंबरपलीकडे उरला असता असं मला वाटत नाही.

आज मला त्या टेबलावर बसवलं, तर पहिलं नाव मी कूलीचं घेईन. स्लाफकोव्स्कीला निवडल्याबद्दल मात्र मॉन्ट्रियलला दोष देणार नाही. त्यांनी वाढ पाहिली होती आणि ती खोटी नव्हती. त्याचा करार 2033 पर्यंत आहे. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा असेल, आणि लाफ्लेरच्या हिशेबाने पाहिलं तर त्याचे उत्तम हंगाम अजून यायचे आहेत.