गॅस संपत नसतो, गळतो

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘गाडीचा बिघडलेला एसी कमी खर्चात कसा दुरुस्त करावा’. त्याकडे येतोच. पण आधी एक गोष्ट बोलून टाकतो, ती बरीच वर्षं मनात खदखदतीय. दर उन्हाळ्यात गाडीत गॅस भरून घेणारे इथं किती जण आहेत? हात वर करा. बघा, निम्मं सभागृह! आता मला सांगा, घरच्या फ्रीजमध्ये दर वर्षी गॅस भरता का? पंधरा-पंधरा वर्षं फ्रीज त्याच गॅसवर चालतो. गाडीचा एसी चालतो त्याच तत्त्वावर, आणि तासगावचा बेदाणा ठेवतात ती कोल्ड स्टोरेजही त्याच तत्त्वावर. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, आतल्या आत फिरत राहतो. फ्रीजचे पाइप डाख देऊन कायमचे बंद केलेले असतात, गाडीत रबरी पाइप असतात, गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या शाफ्टला सील असतं, त्यामुळं बऱ्याच वर्षांत थोडा गॅस झिरपणार, हे मान्य. पण वर्षाच्या आत गार हवा बंद झाली, तर गाडीत भोक आहे.

माझी धाकटी बहीण पलूसला शिक्षिका आहे. वडिलांना डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा मिरजेला न्यायची. एप्रिलची दुपार, चार तास मशीनवर पडून थकलेला माणूस, आणि परतीच्या वाटेवर तापलेली गाडी. अशा वेळी एसी ही चैन राहत नाही हो. तिनं दोन उन्हाळे एका वर्कशॉपमध्ये गॅस भरून घेतला. गळती कुठं आहे, हे दोन्ही वेळा कुणी पाहिलं नाही. तिसऱ्या वर्षी तिला सांगितलं, “मॅडम, कॉम्प्रेसर उचलतच नाही, गेलाय. बत्तीस हजार.” तिनं पगारातून हप्ता बसवायची तयारी केली होती. रात्री सहज फोनवर बोलली म्हणून मला कळलं.

रविवारी गेलो. कॉम्प्रेसर उचलत नव्हता, हे खरंच होतं. पण का उचलत नव्हता? गॅसच्या लाइनवर दाब बघणारा स्विच किंवा सेन्सर असतो. दाब फार खाली गेला की तो कॉम्प्रेसर चालूच होऊ देत नाही. कारण कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर फिरतं. गॅस नसताना तो फिरला तर कोरडा पडून जाम होईल. म्हणजे गाडी स्वतःचा कॉम्प्रेसर वाचवत होती, आणि हे लोक तोच काढून फेकायला निघाले होते!

मी टॉर्च घेऊन रेडिएटरच्या पुढं वाकलो. तिथं गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी असते, कन्डेन्सर. त्याला पाइप जोडतो त्या सांध्यावर रुपयाएवढा काळा, तेलकट डाग होता. गॅस गळतो तेव्हा थोडं तेलही बाहेर येतं, त्यावर धूळ बसते. ऊसतोडीच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर धुळीला काय तोटा? ओळखीच्या मेकॅनिकनं लाइनमध्ये नायट्रोजनचा दाब दिला, मी साबणाचं पाणी लावलं. मोहरीएवढे बुडबुडे, एकामागून एक. सांध्यातली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, कडक होऊन चिरली होती. रिंग, व्हॅक्यूम (म्हणजे पंपानं पाइपातली हवा आणि ओल ओढून काढणं) आणि गॅस धरून सगळा खर्च अडीच हजारांच्या आत आला. बहीण तिथंच स्टूलवर बसून रडली. पुढं वडील होते तोवर तो एसी एकदाही बंद पडला नाही.

आणि गळणारा गॅस जातो कुठं? १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोनचा थर खाणारा जुना एसीचा गॅस आर-१२ मागं पडला, त्याच्या जागी आर-१३४ए आला. ओझोनला त्याचा धोका नाही, पण एक किलो हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबात साधारण १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. दर उन्हाळ्याला आपण हे करतोय...

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, भरभर सांगतो.

पैसे देण्याआधी लक्षण बघा. गाडी पळताना गार आणि सिग्नलला गरम, तर कन्डेन्सरचा फॅन, त्याचा रिले किंवा फ्यूज बघा. सुरुवातीला गार, मग हवेचा झोत कमी होत जातो आणि थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा सुरळीत, तर केबिनची हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलवर बर्फ जमतोय. आधी केबिन फिल्टर काढून बघा. बऱ्याचदा तेवढ्यावरच भागतं. कन्डेन्सरच्या पात्यांत पाचट, किडे अडकले असतील तर कमी दाबाच्या पाण्यानं धुवा. प्रेशर वॉशर नको, पाती दुमडतात.

गाडी बंद असताना दाब मोजणारं गेज लावून कुणी “गॅस भरपूर आहे” म्हणालं, तर मानू नका. आत थोडा जरी द्रव उरला असेल तरी काटा तापमानाप्रमाणं उभा राहतो. आर-१३४एचा तीस अंशांना जवळपास ९७ पीएसआय (दाबाचं माप). एसी चालू करून वाचा. गेजला दोन काटे, एक कमी दाबाच्या म्हणजे खालच्या बाजूचा, एक जास्त दाबाच्या म्हणजे वरच्या. दोन्ही काटे खाली, तर गॅस कमी. खालच्या बाजूचा दाब चढलेला आणि वरचा पडलेला, तर कॉम्प्रेसर दाबत नाही. दोन्ही चढलेले, तर फॅन, तुंबलेला कन्डेन्सर किंवा गॅस जास्त भरलाय.

कॉम्प्रेसरमधून नुसता घरघर आवाज येत असेल तर त्याच्या क्लचचं बेअरिंग वेगळं मिळतं का, विचारा. आतून धातूचा चुरा निघाला असेल तर मात्र काटकसर नको. लाइन फ्लश करा, कन्डेन्सर आणि ड्रायर (ओल शोषणारा भाग) बदला, नाहीतर नवा कॉम्प्रेसरही जाईल. लाइन उघडली की अर्धा तास तरी व्हॅक्यूम, आणि गॅस वजन करूनच, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढे ग्रॅम. गळती बुजवणारं रसायन टाकू देऊ नका. स्वस्त म्हणून एलपीजी तर अजिबात नाही, कॉइल गळली तर तो तुमच्या केबिनमध्ये येतो. आणि पाइप घरी उघडू नका. आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो, बोटं भाजल्यासारखी होतात.

वेळ संपली. बाहेर गेटजवळ माझी गाडी बॉनेट उघडून ठेवलीय, डिकीत साबणाच्या पाण्याची बाटली आणि टॉर्च आहे. ज्यांना आपल्या गाडीतला डाग शोधायचाय त्यांनी चला. वॉचमन साडेआठला गेट लावतो.