चमच्यातला च आणि चहातला च

संध्याकाळचे सव्वापाच, कर्वेनगर. शाळा नुकतीच सुटलीय, आणि आठवी-नववीची दहा-बारा पोरं एका छोट्या खोलीत बसलीयत, प्रत्येकाच्या हातात पीएमपी बसचं तिकीट. मॅडम म्हणतात, तिकीट ओठांसमोर धरा आणि म्हणा प. तिकीट हललं नाही पाहिजे. आता म्हणा फ. पण दात ओठाला लावायचे नाहीत हं, एफ नकोय मला, आजी जसं फळ म्हणते ना, तसा फ. कोपऱ्यातल्या मुलीचं तिकीट फडफडतं. ती परत म्हणते, परत फडफडतं, आणि ती असं हसते की कॅमेरा धरलेला आमचा मित्रही हसायला लागतो.

हा मंदारिनचा, म्हणजे चिनी भाषेचा क्लास आहे, तोही मराठीतून. चिनी भाषा रोमन अक्षरांत लिहायची जी पद्धत आहे, पिनयिन, ती चीनने १९५८ साली स्वीकारली, आणि नवीन शिकणारी पोरं गडबडतात ती तिथेच, कारण अक्षरं ओळखीची दिसतात आणि आपण ती इंग्रजीसारखी वाचायला लागतो. पिनयिनमधला बी म्हणजे ब नाही, तो आपला प, आणि पी म्हणजे फ. डी म्हणजे त, टी म्हणजे थ, जी म्हणजे क, के म्हणजे ख. म्हणून आपण ज्याला बीजिंग म्हणतो त्याला तिथला माणूस पेइचिंग म्हणतो. क-ख, त-थ, प-फ हा फरक आपण पहिलीपासून पाटीवर गिरवलाय, इंग्रजीतून शिकवलं तर तोच फरक अर्धा तास समजवावा लागतो, आणि तरी तो धड कळत नाही.

अजून एक गंमत बघा. चमचा म्हणा. आता चहा म्हणा. दोन्हीकडे च लिहितो आपण, पण जीभ वेगवेगळ्या जागी लागते, नीट लक्ष दिलं तर जाणवेल. मंदारिनमध्ये निरोप घेताना जे म्हणतात, चाइच्येन, त्यात पहिला च चमच्यातला आणि दुसरा साधारण चहातला. हे मॅडमनी सांगितलं आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, मॅडम, मग आम्हाला हे येतंच होतं की!

मला त्या मुलाचा हेवा वाटला, खरंच सांगतो. माझ्या शाळेत जर्मन होती, सगळी इंग्रजीतून, तक्ते पाठ करायचे आणि पेपरात ओतायचे, दहावी झाली आणि सहा महिन्यांत सगळं पुसलं गेलं. आपल्या मराठीचा इथे काही उपयोग आहे असं आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

सगळंच सोपं आहे असं नाही. सूर अवघड आहेत. आपणही काय हा शब्द चार सुरांत म्हणतो, प्रश्न, राग, आश्चर्य, कंटाळा, पण शब्द तोच राहतो. मंदारिनमध्ये सूर बदलला की शब्दच बदलतो, मा सरळ लांबवला तर आई, खाली नेऊन वर आणला तर घोडा, वरून खाली आपटला तर रागावणं. आणि चित्राक्षरं तर हातानेच लिहून बसतात, त्याला शॉर्टकट नाही. माणसाचं चिन्ह, त्याला खेटून झाडाचं, अर्थ विश्रांती. पोरं हे एकदा बघतात आणि विसरत नाहीत.

शेजारच्या खोलीत स्पॅनिश. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेसाठी ज्या परदेशी भाषांची नावं दिलीयत त्यात स्पॅनिश आहे, चिनी २०१९ च्या मसुद्यात होती, अंतिम धोरणात नाही. इथली बरीच मुलं स्पॅनिश शाळेतही शिकतात, इथे फक्त सराव. सर आत आले आणि म्हणाले ओला. तिकडे नमस्काराला ओला म्हणतात, लिहिताना एच असतो पण उच्चार नसतो, आणि बाहेर पाऊस, पोरं खरोखरच ओली, पाच मिनिटं कुणी शांत बसलं नाही.

मग सरांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं, मे गुस्ता एल मांगो. खाली दुसरं, मे गुस्तान लोस मांगोस. इंग्रजीत आय लाइक म्हटलं की आवडणारा माणूस पुढे येतो आणि आंबा एक असो की पेटीभर, क्रियापद हलत नाही. सर म्हणाले, मराठीत सांगा. मला आंबा आवडतो. मला आंबे आवडतात. अगदी तस्संच! क्रियापद आंब्याच्या मागे जातं, आपल्या मागे नाही. तू आणि तुम्ही आपल्याकडे आहेत तसे तिकडे तू आणि उस्तेद. आणि बटाटा, चावी, साबण हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले, पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, त्यामुळे पताता आणि खाबोन ऐकले की पोरांना आधी घरचाच शब्द आठवतो.

जिथे मराठी कामाला येत नाही तिथे सर तसं स्पष्ट सांगतात. मी पुणेकर आहे, मी पुण्यात आहे, आपल्याला दोन्हीकडे एकच आहे पुरतो. स्पॅनिशमध्ये पहिल्याला सोय, दुसऱ्याला एस्तोय. हे चुकतं, सगळ्यांचं चुकतं, महिनोन्महिने चुकतं.

परत मंदारिनच्या खोलीत. क्लास संपायला आलाय. मॅडम विचारतात, सोलापूरचे डॉक्टर कोटणीस माहितीयत का? दोन-तीन हात वर. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले त्यातले एक, तिथे जखमी सैनिकांवर उपचार करता करता चिनी बोलायला लिहायला शिकले, परत आलेच नाहीत, १९४२ मध्ये तिथेच वारले, वय फक्त ३२. त्यांना एक चिनी नाव मिळालं होतं. मॅडम ते फळ्यावर पिनयिनमध्ये लिहितात. के, ई. पुढे डी, आय, एच, यू, ए.

एक मुलगा घाईत वाचतो, के दिहुआ.

कोपऱ्यातली मुलगी तिकीट ओठांसमोर धरते, एकदा मनात म्हणून बघते, आणि मग मोठ्याने वाचते, ख तिहुआ.