विक्रम गोखले : चौथ्या पिढीचा नट

१९१३ साल. दादासाहेब फाळके दुसऱ्या चित्रपटाच्या तयारीला लागले होते. पहिल्या ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती अण्णा साळुंके या पुरुषानं केली होती, कारण कॅमेऱ्यासमोर उभी राहायला एकही बाई राजी होईना. ‘मोहिनी भस्मासुर’साठी मात्र दोघी जणी पुढे आल्या. पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत, आणि मोहिनी झाली त्यांची लेक कमला. बाईनं तोंडाला रंग लावणं म्हणजे कुळाला बट्टा, असं मानणारा तो काळ. त्या काळात या मायलेकींनी जे केलं, त्याला धाडस हा शब्दही अपुरा वाटतो.

विक्रम गोखले हे या कमलाबाईंचे नातू, दुर्गाबाईंचे पणतू.

कमलाबाईंचं लग्न रघुनाथराव गोखल्यांशी झालं. ते लवकर गेले. पदरात तीन मुलगे, आणि हाताशी एकच विद्या, रंगभूमीची. तिच्याच बळावर त्यांनी घर चालवलं. वेळ पडली तेव्हा पुरुषांच्या भूमिकाही केल्या. लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे वळले. चंद्रकांत लहानपणीच नाटकात उभे राहिले आणि पुढे मराठी रंगभूमी आणि चित्रपटांतले मातब्बर नट झाले. हेच विक्रमचे वडील. स्वतःच्या मिळकतीतून अपंग जवानांसाठी मदत देणारा हा माणूस त्याबद्दल फारसं बोलत नसे.

म्हणजे विक्रमच्या आधीच्या पिढ्या कशावर जगल्या? आवाजावर. माईक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द पोचवायचा, ही त्यांची रोजची मेहनत.

विक्रमकडेही तो आवाज होता. पण त्याची खरी ताकद होती दोन वाक्यांच्या मधे. वाक्य अर्ध्यावर सोडायचं, समोरच्याकडे पाहायचं, आणि प्रेक्षागृहानं श्वास धरला की मगच पुढचा शब्द टाकायचा. वाचिक अभिनयात, म्हणजे आवाजातून आणि शब्दांतून होणाऱ्या अभिनयात, विराम घेणारे पुष्कळ असतात. त्या विरामात पात्राचा विचार चालू ठेवणारे फार थोडे.

१९७७ साली जयवंत दळवींचं ‘बॅरिस्टर’ रंगमंचावर आलं. दिग्दर्शन विजया मेहतांचं. विलायतेहून शिकून आलेला, सुधारक मनाचा बॅरिस्टर. आणि ज्या घरात तो राहतो, त्या घरात वेडाचा वारसा. तो वारसा आपल्यापर्यंत पोचेल ही भीती त्याच्या रुबाबाच्या आत सतत असते. विक्रम गोखल्यांनी रुबाब आणि भीती एकाच देहात उभी केली. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामाची किल्ली याच भूमिकेत आहे.

चित्रपटांची यादी लांबलचक. ‘अग्निपथ’मधला कमिशनर गायतोंडे, ‘हम दिल दे चुके सनम’मधले पंडित दरबार, ‘माहेरची साडी’तले बाप. पण थांबायचं ते ‘अनुमती’पाशी. बायको कोमात. कृत्रिम आधार काढायची परवानगी द्यायला नवरा तयार नाही, आणि उपचारांच्या पैशांसाठी वणवण करतोय. मोठमोठे संवाद नाहीत. मागणाऱ्या माणसाचे पडलेले खांदे आहेत, नकार ऐकताना चेहऱ्यावर टिकवून धरलेला सभ्यपणा आहे. या भूमिकेला ६०व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला, इरफान खानसोबत विभागून.

१ जानेवारी २०१६ला ‘नटसम्राट’ चित्रपट झळकला. त्यातला रामभाऊ, इस्पितळातल्या खाटेवर कर्ण जागवणारा म्हातारा नट, विक्रम गोखल्यांनी केला. आणि त्याच वर्षी घशाच्या आजारानं त्यांना रंगभूमीवरून निवृत्ती घ्यावी लागली. आवाजावर उभ्या राहिलेल्या घराण्यातल्या नटाला याहून मोठी शिक्षा कोणती असेल!

कॅमेऱ्यासमोर मात्र ते शेवटपर्यंत उभे राहिले. ‘गोदावरी’मध्ये त्यांनी आजोबा साकारले. तो चित्रपट ११ नोव्हेंबर २०२२ला चित्रपटगृहांत आला. २६ नोव्हेंबरला पुण्यात त्यांचं निधन झालं.