राजहंसगडाखालचा समुद्र

(दृश्य : सकाळचं धुकं. भाताच्या शिवारापलीकडे राजहंसगड.)

बेळगावहून येळ्ळूरच्या रस्त्याला लागलं की हा गड नजरेत भरतो. राजहंसगड, म्हणजेच येळ्ळूरगड. शिवारातून दिसतो, परसातून दिसतो, शाळेच्या व्हरांड्यातूनही दिसतो.

या भागातल्या एका मराठी शाळेत नववीच्या मुलांना निबंध दिला होता : ‘आमच्या गावाजवळचा किल्ला’. त्यातली एक वही सरांनी आमच्यासमोर उघडली. रेखीव अक्षर, लाल पेनानं आखलेला समास. आणि तिसऱ्या ओळीत लिहिलेलं, ‘किल्ल्याच्या चारही बाजूंना अथांग अरबी समुद्र पसरलेला आहे.’

सरांनी मुलाला खिडकीशी नेलं आणि विचारलं, “समुद्र कुठं आहे रे बाळ?”

मुलगा बराच वेळ गडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मोबाईलवर तसंच होतं की, सर.”

या मुलाला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जन्मल्यापासून जो गड तो रोज बघतो, त्याबद्दल आपल्याला काही सांगता येईल हेच त्याला कुणी पटवून दिलेलं नाही. आमचा हा माहितीपट या न पटलेल्या गोष्टीबद्दल आहे.

(दृश्य : परीक्षा केंद्राचं फाटक. भिंतीवर कॅमेरा.)

कॉपी पकडण्याचे उपाय झाले नाहीत असं नाही. २०२४ मध्ये कर्नाटकात दहावीच्या, म्हणजे एसएसएलसीच्या वर्गांवर कॅमेरे बसले आणि परीक्षेवर थेट वेबकास्टिंगनं लक्ष ठेवलं गेलं. आदल्या वर्षी ८३.८९ टक्के लागलेला निकाल त्या वर्षी ७३.४० वर आला, तोही वाढीव ग्रेस गुण देऊन. कॅमेरा हवाच. पण तो तीन तासांचा पहारेकरी. वर्षभर घरी बसून जे उतरवलं जातं, ते त्याला दिसत नाही.

(दृश्य : रात्र. खानापूर तालुक्यातलं एक घर. ट्यूबलाइटखाली वही.)

ही मुलगी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली. कन्नड विषय म्हणून होता, इंग्रजीही होता. आता पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलंय आणि सगळं एकदम इंग्रजीत आलंय. असाइनमेंटच्या प्रश्नाचा ती मोबाईलवर फोटो काढते, एआयकडून उत्तर येतं, आणि ते ती शब्द न् शब्द वहीत उतरवते. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून हे फारच सोपं झालंय.

पण तिची वही जवळून बघा. इंग्रजी ओळींच्या वर, अगदी बारीक अक्षरात, पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय. ‘ऑस्मोसिस’वर ‘परासरण’. ‘रूट हेअर’वर ‘मूलरोम’. वही द्यायच्या आधी ती हे सगळं खोडरबरानं पुसून टाकते.

आम्ही विचारलं, “का पुसतेस?”

“मॅडमना कळंल मग, मला इंग्लिश येत नाही ते.”

म्हणजे जे तिनं स्वतः समजून घेतलं तेवढं पुसलं जातं, आणि जे उतरवलं त्याला गुण मिळतात. परासरण म्हणजे काय, ते तिनं आम्हाला मनुके भिजवलेल्या वाटीचं उदाहरण देऊन सांगितलं. मराठीत, न अडखळता. वर्गात हे कुणी तिला तोंडी विचारलेलंच नाही.

(दृश्य : झेरॉक्सचं दुकान. स्पायरल बाइंडिंगचा आवाज.)

बेळगाव हे आता विद्यापीठांचं शहर आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ चं, राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं. सबमिशनचे दिवस आले की झेरॉक्सच्या दुकानांत उभं राहायला जागा नसते. सीनियरचा प्रोजेक्ट घ्यायचा, पहिलं पान बदलायचं, ही वाट जुनी आहे.

संशोधनासाठी नियम कडक आहेत. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातलं दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. ४० पर्यंत गेलं तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचं, ६० पर्यंत गेलं तर वर्षभर प्रबंध देता येत नाही, आणि त्याच्याही वर गेलं तर नोंदणीच रद्द. साम्य तपासायला सॉफ्टवेअर आहे.

मराठी प्रबंधांचं दुखणं मात्र वेगळं आहे. आपली कितीतरी पुस्तकं, जुने अंक इंटरनेटवर आलेलेच नाहीत. जे त्याच्याकडे नाही, त्याच्याशी सॉफ्टवेअर ताडून कसं बघणार? त्यात डीटीपीवाल्यांकडचे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट. कागदावर सुरेख मराठी दिसते, पण फाइलच्या आत रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता असतो. तसा मजकूर तपासायला दिला तर यंत्राला त्यात मराठी दिसतच नाही. इंग्रजी लेख मशीनकडून मराठी करून घेतला, तर तोही बऱ्याचदा निसटतो. साम्य ४ टक्के आलं म्हणून ते लिखाण त्या विद्यार्थ्याचं ठरत नाही. ते ठरवायला मराठी वाचणारा माणूस लागतो. या सीमाभागात मराठी टिकावी म्हणून आपण इतकी वर्षं भांडतोय. मग आपल्या मुलांनी मराठीत लिहिलेलं नीट वाचायला वेळ काढणं हेही त्यातलंच काम आहे, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : पुन्हा शाळा. व्हरांड्यात बसलेला मुलगा.)

येळ्ळूरच्या बाजूच्या त्या सरांनी निबंधाला शून्य दिलं नाही. एवढंच सांगितलं, “रविवारी गडावर जा. मोबाईल घरी ठेव. आलास की पाच ओळी लिही.”

सोमवारी वही आली. पाच ओळींत शुद्धलेखनाच्या कितीतरी चुका.

‘गडावर वारा लई आसतो. टोपी धरून बसाव लागत. आमच शेत वरून वळखल नाही. आण्णानी विहीर दाखीवली तवा कळाल. बाकी सगळ हिरव.’

सरांनी एकही चूक दुरुस्त केली नाही. समासात लाल पेनानं फक्त विचारलं, ‘टोपी कुणाची उडाली?’

मुलगा वही घेऊन व्हरांड्यात बसलाय. लिहितोय.