राहू द्या आजी, तुम्ही कशाला

सगळ्यांना सलाम. पाळकसाहेबांनी मला विषय दिलाय 'उदार अंतःकरण' आणि वचन दिलंय बायबलातलं, पौलाचं करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा आणि नववा अध्याय. वेळ 40 मिनिटं. मी त्या दोन अध्यायांवर येणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट सांगायचीय, कारण ती सांगितल्याशिवाय पौल काय म्हणतोय ते मला तरी सांगता येत नाही. इतकी वर्षं चर्चच्या मंडळीचा खजिनदार होतो, अर्पणाचे पैसे मोजण्यात हयात गेली, आणि देण्याबद्दल मला जे काही कळलं ते त्या एका दिवशी कळलं.

1987 सालची गोष्ट. आमचं गाव नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, शेवगावच्या बाजूला. दगडी भिंती, वर पत्रे, पुढच्या बाजूला लिंबाचं झाड, असं आमचं चर्च. तुमच्यातल्या बऱ्याच जणांची गावं तशीच आहेत त्यामुळे जास्त वर्णन करत नाही. त्या वर्षी पाऊसपाणी यथातथाच होतं, तरी बाजरी निघाल्यावर उपकारस्तुतीचा सण ठेवला. मी 19 वर्षांचा, तरुण संघाचा सेक्रेटरी, दाराशी टेबल टाकून वही घेऊन बसलेलो. कोणी काय आणलं ते लिहायचं. बाजरी एक पायली, भोपळे दोन, कोंबडा एक, गवार, मुगाच्या शेंगा, कोणी पाच रुपये, कोणी दहा. सणाच्या दिवशी चर्चमध्ये जो वास येतो ना, ओल्या भाजीचा आणि नव्या धान्याचा, तो मला अजून आठवतो. शहरातल्या मंडळीत आता सगळे पाकिटं आणतात, सोय आहे, तक्रार नाही, पण तो वास गेला.

तर एक आजी आली. सत्तरीची. एकटी राहायची, खुरपायला जायची, कोणी बोलावलं तर. दारात एक कोंबडी होती तिच्या आणि त्या कोंबडीच्या अंड्यांवर तिचं मीठमिरची आणि चहापत्ती चालायची, हे सगळ्या गावाला माहीत. पदराखालून तिने डालड्याचा छोटा डबा काढला. डब्यात बाजरी आणि बाजरीत खोचून ठेवलेली दोन अंडी, फुटू नयेत म्हणून. आणि मी काय म्हणालो? अगदी प्रेमाने म्हणालो, "राहू द्या आजी, तुम्ही कशाला? तुमचीच अडचण."

ती डबा तसाच धरून उभी राहिली. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "का रं बाबा? माझं देवाला चालत न्हाय व्हय?"

मला उत्तर सुचलं नाही. मागे लोक खोळंबलेले. मी गडबडीने डबा घेतला, वहीत लिहिलं, अंडी दोन, बाजरी अर्धा शेर, आणि बाजरी ढिगावर ओतून टाकली.

उपासना झाली आणि मग लिलाव. आता लिलाव माहीत नाही असा कोणी इथे आहे का? नाही ना. अंड्याचा लिलाव हा तर सणाचा जीव. मास्तर टेबलावर उभे, हातात आजीचं अंडं, "दोन रुपये एक वार, दोन रुपये दोन वार", कोणी पाच म्हणतंय, ज्याने घेतलं तो लगेच म्हणतो परत मंडळीला, की पुन्हा लिलाव. त्या एका अंड्याचा नऊ वेळा लिलाव झाला. दुसरं एका पाहुण्याने हौसेने घेतलं, परत द्यायची रीत त्यांना माहीत नव्हती, सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि शेजारच्याने शाबासकी द्यायला मिठी मारली. पुढचं सांगायला नको. पाहुण्यांनी ओल्या सदऱ्यानेच वर दहा रुपये दिले. दोन अंड्यांचे त्या दिवशी 86 रुपये झाले आणि त्या काळात बाईमाणसाला दिवसभर खुरपून त्याचा दहावा हिस्सासुद्धा हातात पडत नव्हता. आजी खाली सतरंजीवर बसून हसत होती, तोंडात दोनच दात, पण काय हसत होती.

संध्याकाळी आवरासावर चालली होती तेव्हा ती परत आली. म्हणाली, "डबा दे." डबा दिला. आत बघून म्हणाली, "बाजरी कुठंय? म्या अंडी दिलती. बाजरी माझी हाय." मला घामच फुटला. मी म्हणालो आजी घ्या ना, ढिगातली हवी तेवढी घ्या. तर ती ढिगाजवळ बसली, ओंजळीने मोजून तीन ओंजळी डब्यात घातल्या, डबा हलवला, आत बोट घालून बघितलं कुठवर आलीय आणि जास्त वाटली म्हणून चिमूटभर परत ढिगावर टाकली. ती देवाची. मग झाकण लावलं आणि गेली.

मंडळी, ती चिमूट मी गेली इतकी वर्षं डोक्यात घेऊन फिरतोय. आपण त्यागाने देणं म्हटलं की कल्पना करतो की माणूस भारावून गेला, डोळे भरून आले आणि खिशात होतं ते टाकलं. ती बाई भारावलेली नव्हती. तिला पक्कं माहीत होतं देवाचं काय आणि घरचं काय. आठवड्याचं मीठमिरची तिने देवाला दिलं होतं आणि रात्रीची भाकरी घरी न्यायची होती. तिचा हिशोब माझ्या वहीपेक्षा चोख होता. आणि अशा बाईला मी म्हणालो होतो की राहू द्या.

आता मार्कच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय काढा. येशू मंदिराच्या भांडारासमोर बसलाय आणि लोक पैसे कसे टाकतात ते बघतोय. किती नाही, कसे. मंदिरात दानाच्या तेरा पेट्या होत्या असं यहुद्यांच्या जुन्या ग्रंथात आहे, तोंडं कर्ण्यासारखी, त्यात धातूचं नाणं टाकलं की आवाज येणारच, मोठ्या नाण्यांचा मोठा. त्यात ही विधवा येते आणि दोन टोल्या टाकते. आपल्या बायबलात टोल्या आणि दमडी म्हटलंय, मूळ ग्रीकमध्ये लेप्टा. दिवसाची मजुरी एक दिनार धरली तर दोन लेप्टा म्हणजे त्याचा चौसष्टावा भाग. आज 500 रुपये रोज धरा, 8 रुपयेसुद्धा होत नाहीत. दुकानदार आठ रुपये सुट्टे नाहीत म्हणून हातावर चॉकलेटं ठेवतो, तेवढं. प्रभू म्हणतो हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं, कारण इतरांनी भरपुरीतून टाकलं आणि हिने कमताईतून. आपण हातातून काय गेलं ते मोजतो, त्याने हातात काय उरलं ते मोजलं.

हे तुम्ही शंभर वेळा ऐकलंय. मला दाखवायचीय ती वेगळीच गोष्ट. प्रभूने तिला थांबवलं नाही. तो जवळच बसला होता. "बाई, राहू दे, तू कशाला, एक तरी टोली ठेव" असं म्हणायला किती वेळ लागतो? तो म्हणाला नाही. त्याने शिष्यांना जवळ बोलावून तिच्याबद्दल सांगितलं, तिच्या हातातलं अर्पण मात्र काढून घेतलं नाही. गरिबाला देऊ न देणं हा त्याचा अपमान आहे, मग तो कितीही गोड बोलून केलेला असो. आपण त्याला घेणाऱ्यांच्या रांगेत उभं करतो आणि सांगतो की हीच तुझी जागा.

पण त्याच अध्यायात, विधवा यायच्या दोनच वचनं आधी, येशू काय म्हणतो ते वाचायला विसरू नका. विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांपासून सावध राहा म्हणतो. म्हणजे विधवेचं दान मोठं आहे, म्हणून विधवेकडून ओरबाडायचा परवाना कोणाला मिळत नाही. हल्ली मोबाईलवर जे भाषण ऐकू येतं की इतकं पेरा म्हणजे देव तुम्हाला शंभरपट देईल, कर्ज काढून पेरा, ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तो सट्टा आहे. अर्पणाचा आणि त्याचा काही संबंध नाही.

आणि माझी दुसरी तक्रार, पाळकसाहेबांची परवानगी गृहीत धरतो. पंख्याच्या पात्यांवर नावं. बाकांवर नावं. एका मंडळीत मी पाहुणा म्हणून गेलो होतो, तिथे देणाऱ्यांची यादी वाचली, मोठ्या रकमेपासून लहान रकमेकडे, आणि शंभरच्या खाली आल्यावर वाचणारा म्हणाला, "आणि इतर." त्या 'इतर'मध्ये कोण कोण बसलं असेल हो? दुसऱ्या एका ठिकाणी वर्गणी थकली म्हणून एका म्हातारीचं नाव मंडळीच्या मतदार यादीतून काढलेलं मी बघितलंय. आईवडिलांच्या आठवणीत कोणी पंखा दिला तर त्याच्या मनात प्रेमच असतं, हे मला मान्य आहे. पण 'इतर' हा शब्द आपल्या मंडळीच्या कागदावर नको, एवढं मी हात जोडून मागतो.

मिझोरममध्ये बुहफाई थाम म्हणून एक पद्धत आहे, मूठभर तांदूळ. स्वयंपाक करताना दर वेळी बाई एक मूठ तांदूळ बाजूला काढते, मंडळीच्या बाया घरोघर जाऊन ते गोळा करतात आणि विकतात. शंभर वर्षांहून जास्त काळ चाललंय आणि त्या मुठींमधून कोट्यवधी रुपये उभे राहतात, सेवक पाठवले जातात. त्यात सगळ्यात गरीब घरही येतं, कारण ज्याच्या घरी भात शिजतो त्याच्या घरी मूठ निघते. तिथे इतर कोणी नाही.

आपल्याकडचं बघायचं तर लांब कशाला, पुण्याजवळचं केडगाव, पंडिता रमाबाईंनी निराधार बायकामुलींसाठी काढलेलं मुक्ती मिशन. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या हालात गेले, ती भूक त्यांनी स्वतः भोगलेली. 1897 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे जाऊन मुली घेऊन आल्या, 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून शेकड्यांनी आणल्या. हे सगळे सांगतात. मला त्यांचं मोठेपण वाटतं ते पुढच्या गोष्टीत. त्या मुलींना त्यांनी नुसतं जेवायला घालून बसवलं नाही. शेती, विणकाम, छापखाना, सगळं त्यांच्या हातात दिलं. रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं ते मुक्तीच्या छापखान्यात त्याच बायकामुलींनी जुळवलं आणि छापलं. दुष्काळातून हाडाची काडं होऊन आलेल्या मुलींनी महाराष्ट्राला देवाचं वचन दिलं. रमाबाई त्यांना "राहू द्या" म्हणाल्या नाहीत.

किती उरली? दहा मिनिटं? बरं. करिंथकर.

पटकन सांगतो. यरुशलेमच्या मंडळीत गरिबी होती, पौल तिच्यासाठी वर्गणी गोळा करत होता. करिंथ हे श्रीमंत बंदर, त्यांनी वर्षभरापूर्वी हो म्हटलं होतं आणि पुढे काम रेंगाळलं होतं. पौल त्यांना उत्तरेकडच्या मासेदोनिया प्रांतातल्या मंडळ्यांचं उदाहरण देतो, फिलिप्पै, थेस्सलनीका वगैरे. त्या संकटात होत्या आणि कमालीच्या दरिद्री होत्या. आठव्या अध्यायाचं चौथं वचन बघा, त्यांनी आग्रहाने विनंती केली की आम्हाला यात भाग घेऊ द्या. विनंती कोणी कोणाला केली? देणाऱ्यांनी. म्हणजे मला वाटतं पौलसुद्धा आधी म्हणाला असणार, राहू द्या, तुम्ही कशाला. आणि ते म्हणाले असणार, आमचं देवाला चालत नाही का? हे माझं अनुमान आहे, पण त्या वचनात मला तरी आजीच दिसते.

पाचवं वचन, त्यांनी आधी स्वतःला प्रभूला दिलं, पैसे नंतर. नववं वचन, ख्रिस्त धनवान असून आपल्यासाठी दरिद्री झाला, सगळ्या देण्याचं मूळ तिथे, वधस्तंभाकडे बघून द्यायचं, शेजारच्याच्या पाकिटाकडे बघून नाही. बारावं वचन माझ्या खजिनदारीच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेलं होतं, की ज्याच्याजवळ जे आहे त्या मानाने ते मान्य होतं, नाही त्या मानाने नाही. तीन ओंजळी बाजरी घरी नेणं पौलाला मान्य आहे. 13 आणि 14, एकाने दबून जावं आणि दुसऱ्याने आराम करावा असं नको, समानता हवी. 20 आणि 21, पैसे एकट्याने नेत नाही, आपला सोबती तीत, त्याच्याबरोबर मंडळीतले आणखी दोन भाऊ पाठवतो, कोणी बोट दाखवू नये म्हणून. पंच कमिटीने हे वचन घरी जाऊन दोनदा वाचावं.

नववा अध्याय, सातवं वचन, संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो. ग्रीक शब्द हिलारोस, हसऱ्या मनाने देणारा. दोन दातांचं हसू.

वेस्लीची गोष्ट राहिलीच, दोन वाक्यांत सांगतो. इंग्लंडमध्ये मेथडिस्ट पंथ सुरू करणारा जॉन वेस्ली ऑक्सफर्डच्या सुरुवातीच्या मेथडिस्टांपैकी एकाबद्दल सांगतो, बहुतेक लोक म्हणतात तो स्वतःच. वर्षाला 30 पौंड मिळायचे, तो 28 मध्ये राहायचा, दोन द्यायचा. पुढच्या वर्षी 60 मिळाले, तरी 28 मध्येच राहिला आणि 32 दिले. मग 90, मग 120, खर्च तोच 28. पगार वाढला की आपलं घर वाढतं, त्याचं देणं वाढलं. ज्यांचे पगार गेल्या दहा वर्षांत तिप्पट झालेत त्यांनी आपला 28 चा आकडा काय तो नवराबायकोने बसून ठरवावा.

संपलं, पाळकसाहेब, उठतोच. फक्त एक सूचना द्यायचीय. पुढच्या रविवारी आपला सण आहे. दाराशी टेबलावर मी स्वतः बसणार आहे. यादी मोठ्यानं वाचली जाणार नाही. पाकीट आणा, भाजी आणा, ज्याला जे जमेल ते आणा, आणि अंडी आणणार असाल तर डब्यात बाजरी घालून आणा म्हणजे फुटणार नाहीत. डब्यावर नाव घाला. डबा आणि बाजरी संध्याकाळी परत मिळेल.