पिशवी काढण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. आणि सासूबाई, सुनबाई दोघी ऐकत असाल तर आवाज कमी करू नका.

शिंक आली, हंडा उचलला की लघवीचे थेंब सुटतात. संध्याकाळपर्यंत खाली जड वाटतं, धुताना हाताला गोळा लागतो. ‘अंग बाहेर येतंय’ हे बाई नवऱ्यालाही सांगत नाही, डॉक्टर तर दूरच. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन खेड्यांचा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता. आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्यावर पेललेले. बाळंतपणात ती ताणली जाते. मग जुना खोकला, डोक्यावरची ओझी, शौचाला कुंथणं, पाळी जाणं यांनी आणखी सैल पडते. लघवी सुटते म्हणून बायका पाणीच तोडतात. तसं करू नका, लघवी दाट होऊन उलट जास्त घाई लागते.

दुखणं फार पुढे गेलेलं नसेल तर आधी व्यायाम. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण जे आवळतो, तेच स्नायू आत आणि वर ओढायचे. पोट, मांड्या सैल, श्वास चालू. एका वेळी ८ दा, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. आठवड्यात गुण आला नाही म्हणून सोडणाऱ्याच जास्त! नीट जमतंय का, ते फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या. अंग उतरलेलं असेल तर आधाराला सिलिकॉनची रिंग योनीत बसवता येते. ऑपरेशन नको असेल किंवा झेपणार नसेल, तर ती फार सोयीची.

आता पिशवीचं, म्हणजे गर्भाशयाचं. ‘काढून टाका एकदाची’ हे आपल्याकडे फार सहज म्हटलं जातं. पण सैल पडलाय तो आधार. पिशवी काढली आणि आधार नीट बांधला नाही, तर योनीचा वरचा भाग पुन्हा खाली येऊ शकतो. पिशवी न काढता वर बांधून घेण्याच्या शस्त्रक्रिया मुंबईतच डॉ. शिरोडकर, डॉ. पुरंदरे यांनी कितीतरी वर्षांपूर्वी रूढ केल्या. तेव्हा सही करण्याआधी विचारा: पिशवी ठेवून होईल का? काढलीत तर आधार कुठे बांधणार?

मात्र लघवी अडली, किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर व्यायाम करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.