रॉद्रीगच्या वेशातला नट: जेरार फिलिप

आपल्यासमोर आहे ते दक्षिण फ्रान्समधील आव्हिन्यों शहरातल्या पोपच्या जुन्या राजवाड्याचे अंगण. जुलै १९५१ मध्ये याच अंगणात, उघड्या आकाशाखाली, फ्रेंच नाटककार कॉर्नेय याच्या ‘ल सिद’ या सतराव्या शतकातील नाटकाचा प्रयोग झाला आणि त्यातल्या तरुण रॉद्रीगच्या भूमिकेत जेरार फिलिप उभा राहिला.

त्याचा जन्म ४ डिसेंबर १९२२ रोजी कान येथे झाला. वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, १९४५ मध्ये, आल्बेर काम्यू यांच्या नाटकातील रोमन सम्राट कालिगुला त्याने पॅरिसमध्ये साकारला, आणि दोनच वर्षांनी ‘ल दिआब्ल ओ कोर’ या चित्रपटाने त्याला फ्रान्सबाहेरही ओळख मिळवून दिली.

दिग्दर्शक जाँ व्हिलार यांनी रॉद्रीगसाठी त्याला पूर्वीच विचारले होते. पण शोकनाट्य हा आपला प्रांत नव्हे, असे सांगून त्याने नकार दिला होता. पुढे १९५० च्या अखेरीस, व्हिलार यांचा एक प्रयोग संपल्यानंतर, तो आपण होऊन त्यांच्या रंगपटात गेला आणि त्यांच्यासोबत काम करण्याची इच्छा त्याने बोलून दाखवली. त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाचा क्षण कोणता, असे विचारल्यास आम्ही कोणत्याही चित्रपटाआधी या भेटीकडेच बोट दाखवू.

कारण पुढच्याच वर्षी व्हिलार यांच्याकडे ‘तेआत्र नासिओनाल पोप्युलेर’, म्हणजे सर्वसामान्यांच्या राष्ट्रीय रंगभूमीची सूत्रे आली. अभिजात नाटक कामगारांना आणि विद्यार्थ्यांनाही पाहता यावे म्हणून तिथे तिकिटे स्वस्त ठेवण्यात आली आणि प्रेक्षागृहातील सेवकांना बक्षिशी देण्याची प्रथा बंद झाली. पॅरिसच्या सीमेवरील स्युरेन या कामगारवस्तीत नोव्हेंबर १९५१ मध्ये या संस्थेचे पहिले प्रयोग झाले. चित्रपटांतून कितीतरी अधिक पैसा मिळवू शकणारा हा नट तिथे इतरांच्या बरोबरीने उभा होता, आणि जाहिरातीत त्याचे नाव वर्णानुक्रमाने येई त्याच जागी छापले जाई.

याच काळात, १९५२ मध्ये, ‘फाँफाँ ला त्युलिप’ या चित्रपटातल्या तलवारबाज तरुणाने त्याला अफाट लोकप्रियता मिळवून दिली. ती लोकप्रियता त्याने रंगभूमीच्या कामी लावली. ज्यांनी कधी कॉर्नेय वाचला नव्हता, असे कितीतरी लोक त्याला पाहायला आले आणि कॉर्नेय ऐकून घरी गेले. या घटनेचे महत्त्व आम्हाला फार मोठे वाटते. पुढे नटांच्या संघटनेचे अध्यक्षपदही त्याने स्वीकारले आणि सहकाऱ्यांच्या हक्कांसाठी तो उघडपणे उभा राहिला.

१९५९ च्या शरद ऋतूत त्याला यकृताचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. पत्नी आन हिने ते त्याच्यापासून लपवून ठेवले. शेवटच्या दिवसांतही तो ग्रीक शोकनाट्ये वाचत, पुढच्या भूमिकांचा विचार करत होता. २५ नोव्हेंबर रोजी, सदतिसाव्या वाढदिवसाला नऊ दिवस उरले असताना, पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले.

भूमध्य समुद्राजवळच्या रामात्युएल या गावी त्याला दफन करण्यात आले, तेव्हा त्याच्या अंगावर रॉद्रीगचाच वेश होता.